खोकल्याला चालणारी वडी

अन्याय झाला तो परभणीतल्या एका म्हाताऱ्या कंपाउंडरावर आणि त्यांच्या विमल नावाच्या एकुलत्या एका मुलीवर. झाला तो १९५६ सालच्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी सकाळी, फराळाची ताटं पुढ्यात असताना. ज्या आठवड्यात मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला, तोच तो आठवडा. आम्ही चौकात घोषणा देत होतो, आणि मी ज्या घरात भाड्यानं राहत होतो त्याच घरात एका मुलीचं माहेर बंद करण्यात आलं. करणारा कुणी जहागीरदार नव्हता, निजामाचा अंमलदार नव्हता. दारात रांगोळी काढणारी, तुमच्या-माझ्यासारखी माणसं होती.

हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढं मी त्या कंपाउंडरसाहेबांच्या तऱ्हा सांगणार आहे आणि त्या ऐकून तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण कशासाठी लिहायला बसलोय ते विसरू नका.

त्यांची-माझी पहिली भेट सभेत झाली. भेट झाली म्हणजे त्यांनी माझं तोंड उघडलं. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रचारात तेव्हा मी दिवसभर ओरडत असायचो. सकाळी देवगाव फाट्यावर मोटारीची वाट बघणाऱ्या माणसांपुढं आणि त्यांच्या शेळ्यांपुढं, संध्याकाळी परभणीच्या बाजारात. त्या संध्याकाळी घसा पार बसला होता. "बंधूंनो" म्हणावं तर ते पहिल्या रांगेतल्या बंधूंनासुद्धा ऐकू जाईना. एवढ्यात गर्दीतून एक उंच, लुकडा माणूस सरळ चालत पुढं आला. खाली धोतर, वर दवाखान्याचा पांढरा कोट, कोटाच्या खिशात कागदाची पुडी.

"तोंड उघडा," ते म्हणाले.

मला वाटलं, विरोधकांचा माणूस असेल. मी ओठ घट्ट मिटले.

"उघडा की. लीडर लोकांना एरवी सांगावं लागत न्हाई."

लोक हसले, मीही हसलो, आणि तेवढ्यात त्यांनी माझ्या जिभेवर काहीतरी ठेवलं. पांढरं, हलकं, दाबलं की दबणारं आणि सोडलं की पुन्हा फुगणारं. चावायला जावं तर दाताखालून निसटायचं. मग हळूहळू ते विरघळत गेलं आणि घशातून गोड, बुळबुळीत असं काही खाली उतरलं. जणू कुणी घशाच्या आतून हात फिरवला.

"गिळू नका. विरघळू द्या. घाई हाच तुमचा आजार हाय," ते म्हणाले. मग गर्दीकडे वळून मोठ्यानं, "पुढचा!" म्हणाले आणि निघून गेले.

हे "पुढचा!" मी नंतर रोज ऐकलं. उमर सरकारी दवाखान्यात गेलेली. निवृत्त झाले तरी प्रत्येक माणसाला ते रांगेतला मरीज समजत. वाण्याशी बोलणं संपलं, पुढचा. देवळात पाया पडून झालं, देवाला सुद्धा पुढचा. लोक म्हणत, लग्नात अंतरपाट दूर झाल्याबरोबर ते असंच म्हणाले होते. खरंखोटं त्यांच्या बायकोला ठाऊक, आणि ती बिचारी विमल लहान असतानाच गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचं घर शोधत गेलो. त्यांची एक खोली रिकामी आहे असं कळलं होतं. खोली बघू देण्याआधी त्यांनी मला ओसरीवर उभं केलं आणि म्हणाले, "खोकून दाखवा."

मी खोकलो.

"परत. पोटातनं."

परत खोकलो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "घसा खराब, छाती साफ. माणूस खोटा न्हाई. राहा." नाव, गाव, जात यातलं काही त्यांनी विचारलं नाही. मी बोरीचा आहे हे त्यांना पुढं केव्हातरी आई भेटायला आली तेव्हा कळलं. आईलाही त्यांनी खोकायला लावलं होतं. ती घाबरून मला म्हणाली, "बाळा, मालक बरे हाईत ना तुझे?"

माणूस खोकल्यावरून ओळखायचा हा त्यांचा हट्ट होता. कर्ज मागायला आलेल्याचा खोकला वेगळा, रजा मागणाऱ्याचा वेगळा, सासूला ऐकवायला सून खोकते तो वेगळा. कीर्तनात बुवा रंगात आले असताना ते मागून उठून म्हणायचे, "महाराज, थांबा. डाव्या खांबाजवळचे गृहस्थ, तुमी उद्या सकाळी घरी या." बुवा चिडायचे, लोक हसायचे, आणि तो गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच यायचा.

आता त्या वडीबद्दल सांगतो. नोकरीत असताना त्यांची कधीतरी सिकंदराबादेला बदली झाली होती. तिथल्या इस्पितळातली एक मडम नाताळात आपल्या पोरांसाठी घरी ही मिठाई करायची. मार्शमॅलो म्हणायची तिला. कुठल्याशा झाडाच्या मुळाचा रस, साखरेचा पाक आणि अंड्याचं पांढरं, इतकंच त्यात. ह्यांनी ते मूळ हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "मेमसाब, ही तर आमची खतमी!" हकीम लोक जिचा काढा खोकल्याला देतात ती खतमी, परभणीतल्या कुठल्याही जडीबुटी विकणाऱ्या अत्ताराकडे मिळणारी. मडम म्हणे आधी खो खो हसली आणि मग तिनं ह्यांना सगळी कृती शिकवली. हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. परभणीत आल्यावर मार्शमॅलो हे नाव पोरांनी पहिल्याच दिवशी टाकून दिलं. कापूसवडी म्हणायला लागली ती.

घरात चुलीजवळ एक खांब होता. त्याला ताक घुसळायची रवी बांधलेली, तिच्यावर दोरी. मुळं भिजवून, उकळून, मलमलीतनं गाळायची. पाक करायचा. पाकाकडे ते बघतच नसत. "पाक ऐकायचा," म्हणायचे. बुडबुड्यांचा आवाज जड झाला की पातेलं उतरवून रवीखाली. मग घुसळणं. दोरीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं विमलच्या. तुम्ही ओढा, मी सोडते. मी ओढते, तुम्ही सोडा. तांबूस चिकट पाणी बघता बघता फिकट व्हायचं, फुगायचं, पातेल्याच्या काठावर यायचं. शेवटी आरारूट भुरभुरलेल्या परातीत ओतायचं, निवू द्यायचं आणि सुताच्या दोऱ्यानं कापायचं. सुरीला चिकटतं म्हणून दोरा.

दरवेळी ती जमायची असं समजू नका. कधी पाक पुढं जायचा आणि वडी दगड व्हायची. कधी ती जमायचीच नाही आणि परातीतून चिखलासारखी वाहायची. तसं झालं की सगळा दोष विमलच्या दोरीचा. "तुजं मन कुठं हाय?" असं ओरडत ते परात घेऊन परसात जायचे आणि मुंग्यांना घालून यायचे. विमल हसून म्हणायची, "बाबा, मुंग्यांचा खोकला गेला बघा." ते रागानं बघायचे आणि मग त्यांनाच हसू फुटायचं.

परभणी कापसाचं गाव. हंगामात जिनिंगचा भुगा हवेत उडतो, अंगणात बसतो, पोरांच्या छातीत बसतो. आमच्या गल्लीतलं एक पोर असं नव्हतं की जे थंडीत खोकत नव्हतं, आणि एक घर असं नव्हतं की जिथनं वाटी घेऊन कुणी आलं नव्हतं. कंपाउंडरसाहेब पुडी बांधताना दरवेळी मोठ्यानं सांगायचे, "ह्यात खतमी हाय, साखर हाय, अंड्याचं पांढरं हाय. चालत नसंल तर आत्ताच बोला." दवाखान्यात शिशी देताना सांगायची सवय होती ती. आयांना ते ऐकायचं नसायचं. त्या म्हणायच्या, "द्या हो साहेब. औषधाला काय, समदं चालतंय." समोरच्या काकू तर म्हणायच्या, "तुमी सांगतच जाऊ नका. आमी ऐकतच न्हाई." ह्याच काकूंचा नातू एका हिवाळ्यात रात्रंदिवस धापा टाकत होता. म्हातारे त्याच्या उशाशी बसून राहिले होते. हे गल्लीतल्या सगळ्यांनी पाहिलंय.

माझ्या राजकारणाची त्यांना भारी गंमत वाटायची. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन निघालो की कोटाच्या खिशात हात घालून म्हणायचे, "लीडरसाहेब, राज्य बदलून काय होतंय? शिशीवरची चिठ्ठी बदलायलीय. दवा तीच." मी चिडायचो. भाषेचं राज्य म्हणजे काय, उर्दूत अर्ज लिहून घ्यायला आमच्या बापजाद्यांनी कसे हात जोडले, हे त्यांना ऐकवायचो. ते शांतपणे ऐकायचे आणि म्हणायचे, "बेशक. पण गल्ली बदलणार का?"

तेव्हा मला हा प्रश्न मूर्खपणाचा वाटला होता. 

विमलचं लग्न त्या वर्षी झालं. सासर सोनपेठच्या अलीकडे, गोदावरीच्या बाजूला. बरी शेती, घर मोठं. नवरा गरीब स्वभावाचा. त्याचे आईबाप लहानपणीच वारलेले, विधवा आत्यानं वाढवलेला. ह्या आत्याबाई कडक सोवळ्यातल्या. स्वतःच्या हातचं सोडून कुणाकडचं पाणीही त्या पीत नसत. पण दुसऱ्यानं काय खावं याची काळजी त्यांना अष्टौप्रहर. पहिल्या दिवाळसणाला जावई विमलला घेऊन येणार तर सोबत आत्याबाईही येणार, असा निरोप आला.

म्हातारे महिनाभर हवेत होते. त्यांनी ठरवलं, जावयाच्या ताटात चिवडा-लाडू तर सगळेच वाढतात, आपण कापूसवडी वाढायची. मडम नाताळात आपल्या पोरांना करायची, मी दिवाळीत माझ्या पोरीला करीन. पण सणाचं ताट, समोर सोवळ्यातली माणसं. म्हणून अंडं घालायचं नाही. त्याच्या जागी बाभळीचा डिंक. डिंकाची वडी म्हणजे जीव खाणारं काम. अंड्याचं पांढरं झटकन फुगतं, डिंक फुगता फुगत नाही. विमल सणाला येणार ती पाहुण्यांबरोबर, तेव्हा दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात आलं. सकाळपासून आम्ही ओढत होतो. माझ्या हाताला फोड आले.

"साहेब, अंडंच घाला ना. कुणाला कळतंय?" मी वैतागून म्हणालो.

त्यांनी दोरी सोडली. "मला कळतंय," म्हणाले. "वडी द्यायची तर सांगून द्यायची. न्हाईतर देऊ नये. ओढा."

वडी जमली. इतकी पांढरी, इतकी हलकी मी त्या घरात कधी पाहिली नव्हती. त्यांनी तिच्यावर मलमल झाकली आणि कुणी पाहत नाही असं समजून मलमलीवरून हात फिरवला.

पाडव्याच्या सकाळी ओसरीवर पाट मांडले होते. विमलनं नवऱ्याला ओवाळलं. आत्याबाई भिंतीशी घोंगडी टाकून बसल्या होत्या, स्वतःचा पाण्याचा तांब्या जवळ ठेवून. म्हाताऱ्यांनी स्वतः ताट आणलं. जावयानं आधी बोटानं वडी दाबली. ती पुन्हा फुगली तसा तो लहान पोरासारखा हसला आणि तोंडात टाकली. मग दुसरी. आरारूट मिशीला लागलं, त्याचं त्याला भान नव्हतं. "लय झकास हाय हो, मामा," तो म्हणाला. विमलनं बापाकडे पाहिलं. त्या दोघांच्या तोंडावर तेव्हा जे होतं तेवढंच मला ह्या दिवाळीतलं आठवायला आवडतं.

"काय घातलंय त्यात?" आत्याबाईंनी विचारलं.

"खतमी, साखर, डिंक," म्हातारे म्हणाले.

इथं त्यांनी थांबायचं. जगातला कुणीही बाप थांबला असता. पण पुडी देताना सगळं सांगायची त्यांची सवय. ते पुढं म्हणाले, "असली वडी अंड्याची असती. तुमच्यासाठी मुद्दाम बिनअंड्याची केली."

आत्याबाईंनी मान वर केली. "अंड्याची कोण करतंय?"

"मीच. गल्लीत खोकला झाला की."

"कशात करता?"

"पातेल्यात."

"ही कशात केली?"

विमल दाराआडून हातानं खुणा करत होती. मला दिसलं. त्यांना दिसलं की नाही कुणास ठाऊक.

"त्याच पातेल्यात. दुसरं कुठनं आणू?" ते म्हणाले. "उकळत्या पाण्यानं धुतलंय. दवाखान्यात हत्यारं धुतो तसं."

"धुतल्यानं अंडं जातंय का?"

"अंडं जातंय, बाई. तुमच्या डोक्यातलं जात न्हाई."

 जावयाचा हात ताटातच राहिला. आत्याबाई उठल्या आणि म्हणाल्या, "ऊठ. आन् थुंक ते." तो उठला. थुंकायला तोंडात काही उरलं नव्हतं, तरी अंगणाच्या कडेला जाऊन थुंकल्यासारखं केलं. एवढा मोठा बाप्या!

मी मध्ये पडलो. पत्रकात लिहितो तेच सगळं तोंडातून बाहेर आलं. माणुसकी, रूढी, नवं राज्य. आत्याबाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "हा कोण?"

"भाडेकरू," जावई पुटपुटला.

"मग भाडं द्यावं आन् गप बसावं."

मग त्या दारात गेल्या. गल्लीतल्या बायका आवाज ऐकून आपापल्या उंबऱ्यावर आल्याच होत्या. समोरच्या काकूंच्या हातात रांगोळीची वाटी होती. आत्याबाईंनी त्यांना हाक मारली. "अहो बाई, तुमी शेजारच्या. खरं सांगा. तुमी खाता का ह्यांच्या हातचं?"

मला वाटलं, सुटलो. आता ह्या काकू बोलतील. त्या दिवशी गल्लीत अशी एकही बाई नव्हती जिचं पोर त्या पातेल्यातलं खाऊन मोठं झालं नव्हतं. एकीनं "हो" म्हटलं असतं तर झालं असतं. आपल्यासारख्याच सोवळ्याओवळ्याच्या घरचे खातात म्हटल्यावर आत्याबाईंना तोंड राहिलं नसतं.

काकूंनी रांगोळीकडे पाहिलं. "न्हाई बा," त्या म्हणाल्या. "आमी कशाला खावं?"

शेजारचीनं मान हलवली. तिच्या पलीकडची म्हणाली, "आमच्यात असलं न्हाई चालत." कोपऱ्यावरची आत गेली आणि तिनं कडी घातली.

मी म्हाताऱ्यांचा कोट धरला. "साहेब, सांगा ना! कुणाचं पोर कधी आणलं होतं ते तोंडावर सांगा. नावं घ्या!"

ते त्या बायकांकडे एकेक करून पाहत होते, रांगेतल्या मरिजांकडे पाहावं तसे.  मग त्यांनी माझा हात कोटावरून हळूच काढला.

"मरिजाचं नाव चौकात घेत न्हाईत," म्हणाले.

दुपारच्या आत बैलगाडी जुंपली गेली. विमल गाडीत बसली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं बापाला एवढंच सांगितलं, "बाबा, परात झाका. मुंग्या लागतील."

त्यानंतर विमल परभणीला आलेली नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, त्यालाही तिला पाठवलं नाही. पुढल्या दिवाळीला मी मुराळी म्हणून गेलो. मुलीला आणायला सख्खा भाऊ जातो. तिला भाऊ नाही, म्हणून मी गेलो. सासरी मला ओसरीवर बसवलं, गूळपाणी दिलं. जावयानं खाली मान घालून, घरात सगळे बरे आहेत, असं सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "मी काय राक्षसीण न्हाई. तुमच्या गल्लीतला एक माणूस आणा. देवाधर्माचं करणारा, चार लोकांत उठबस असणारा. त्यानं ह्या दारात उभं राहून म्हणावं की आमी त्यांच्या हातचं खातो. त्याच दिवशी पोरीला पाठवते. तुमी नका म्हणू. तुमी तर काय बी खाता."

मी भांडलो. भरपूर भांडलो. परत निघालो तेव्हा विमल पाण्याला जायच्या निमित्तानं वेशीपर्यंत आली. कडेवर मूल. म्हणाली, "दादा, भांडू नका हो. तुमी भांडून निघून जाता. मी इथंच असते."

ती पाण्याला गेली, मी परतीची मोटार धरली. 

घरी आलो तर म्हातारे ओसरीवर उभेच होते. कशी आहे म्हणून विचारलं नाही. "खोकते का?" विचारलं.

"नाही."

"आन् ते लहान?"

"नाही, साहेब."

"मग ठीक हाय," म्हणाले आणि आत गेले. बराच वेळ आतून भांडी हलवल्याचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून नवं पितळी पातेलं आणलं, कल्हई करून घेतलं आणि खुंटीवर उलटं टांगलं. ते पातेलं सणाच्या वडीचं. तुम्ही चुकलात हे ज्याच्याकडून सगळं गाव मिळून कबूल करून घेऊ शकलं नाही, त्यानं गुपचूप दुसरं पातेलं आणलं. हे मी बघितलं आणि मला त्यांचा राग आला. मग स्वतःच्या रागाचाच कंटाळा आला.

मी गल्लीत दारोदार फिरलो. साधं काम होतं. एका माणसानं मोटारीत बसायचं, जायचं, खरं बोलायचं आणि परत यायचं. एक जण म्हणाला, आमच्या पोरीचं जमायलंय, आत्ता नको. दुसरा म्हणाला, मी जातो, पण बायको न्हाई म्हणते. एक शिकलेले गृहस्थ म्हणाले, "तुम्ही पत्रक काढा, मी पैसे देतो. नाव मात्र घालू नका." समोरच्या काकूंनी मला चहा दिला, डोळ्याला पदर लावला, "लय वाईट झालं हो" म्हणाल्या, आणि रिकामा कप उचलून आत गेल्या.

आणि हिवाळा आला तशा वाट्या पुन्हा आल्या. अगदी पूर्वीसारख्या. पोरं खोकायला लागली, आया दारात उभ्या राहिल्या, आणि म्हातारे जुन्या पातेल्यात, एकट्यानंच दोरीची दोन्ही टोकं ओढत घुसळायला बसले. समोरच्या घरची वाटीसुद्धा त्यांनी भरली. मला राहवलं नाही.

"तुम्ही देता कशाला ह्यांना?"

पुडी बांधता बांधता ते म्हणाले, "खोकला पोराचा हाय. साक्ष आजीची होती." मग दाराकडे पाहून मोठ्यानं, "ह्यात अंड्याचं पांढरं हाय. चालत नसंल तर आत्ताच बोला."

वाट्या पुढं आल्या.

आता म्हणतात, मुंबईसह मराठी माणसाचं पुरं राज्य होणार. होऊ दे. त्यासाठी आम्ही लाठ्या खाल्ल्या आहेत. पण मी थकलोय हेही लिहून ठेवतो. राज्याची हद्द हलवायला आम्हाला जितका जोर लागला, त्यापेक्षा जास्त एका गल्लीतल्या एका माणसाला त्याच्या उंबऱ्याबाहेर काढायला लागतोय, आणि तो अजून निघालेला नाही. कंपाउंडरसाहेबांना आता नीट दिसत नाही. पाक अजून ऐकू येतो म्हणतात. नातू त्यांनी पाहिलेला नाही. त्याचा खोकला कसा आहे हे त्यांना ठाऊक नाही, आणि त्या माणसासाठी याहून मोठी शिक्षा मला सुचत नाही.

नावं ते घेणार नाहीत. मी घेतली तर ते माझं तोंड बघणार नाहीत, म्हणून मीही घेतलेली नाहीत. मग उरता तुम्ही.

हे वाचणाऱ्यांत आमच्या गल्लीतले आहेत, मला माहीत आहे. ज्यांच्या घरून वाटी गेली, ज्यांच्या पोरानं ती वडी खाऊन धाप टाकायची थांबवली, ते तुम्ही सगळे हे वाचताय. माझ्याशी वाद घालू नका, मला चहा देऊ नका, पत्रकाला पैसे देऊ नका. दिवाळी तोंडावर आली आहे. उद्या सकाळी सोनपेठच्या मोटारीत बसा. त्या दारात उभे राहा, आणि आत्याबाई बाहेर आल्या की स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा: "आमी खाल्ली. आमच्या पोरांनी खाल्ली. आता मुलीला पाठवा."